इंप्लांट ट्रेनिंग : चार आठवड्यांत काय शिकावं, कसं शिकावं



सेमिस्टर संपत आलं की आपल्या हॉस्टेलच्या मेसमध्ये दोन प्रकारची मुलं दिसू लागतात. एक, "ट्रेनिंगचं लेटर मिळालं का रे?" असं विचारत फिरणारी. दुसरी, "लेटर कशाला, डायरेक्ट सर्टिफिकेटच मिळतंय" असं हळूच सांगणारी. हा लेख पहिल्या प्रकारच्या मुलांसाठी आहे. दुसऱ्यांनीही वाचायला हरकत नाही. त्यांच्याबद्दल पुढे दोन शब्द आहेतच.

मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. मागच्या सुट्टीत बोईसरच्या एमआयडीसीत कापड प्रोसेस करणाऱ्या एका कारखान्यात युटिलिटी विभागात चार आठवडे ट्रेनिंग केलं. युटिलिटी म्हणजे बॉयलर, कॉम्प्रेसर, कूलिंग टॉवर, पाणी आणि वीज. ज्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, पण बंद पडलं की अख्खा कारखाना ओरडतो, तो विभाग. त्या चार आठवड्यांच्या आधारावरच पुढचं लिहितो आहे.

आधी नियमांचं थोडक्यात. एआयसीटीईने २०१८ मध्ये इंटर्नशिपचं धोरण आणलं. त्यात पदवीच्या चार वर्षांत मिळून ६०० ते ७०० तास प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि त्यासाठी १४ ते २० क्रेडिट सांगितले आहेत. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलांना एमएसबीटीईच्या आय स्कीममधलं सहा आठवड्यांचं ट्रेनिंग आठवत असेल. त्याच धोरणात रोजची डायरी लिहून सुपरवायझरची सही घ्यावी, असंही म्हटलं आहे. बहुतेक मुलं ही डायरी शेवटच्या रात्री एका बैठकीत, एकाच पेनाने लिहितात. माझ्या मते सगळं नुकसान तिथेच होतं. ते का, हे पुढे येईल.

कारखान्यात जाऊन शिकायची कल्पना काही आजची नाही. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर नावाच्या सिव्हिलच्या प्राध्यापकाने १९०६ साली २७ विद्यार्थ्यांना घेऊन एक प्रयोग सुरू केला. एक आठवडा वर्गात, एक आठवडा कारखान्यात. आपल्याकडे पिलानीच्या बिट्सने १९७३ मध्ये प्रॅक्टिस स्कूल सुरू केलं. आणि आपल्या अगदी शेजारचं उदाहरण म्हणजे अणुऊर्जा खातं. त्यांचं ट्रेनिंग स्कूल १९५७ पासून आहे. कॉलेजातून टॉपर म्हणून बाहेर पडलेल्या इंजिनिअरलाही तिथे आधी प्रशिक्षणाला बसवतात, मगच काम देतात. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या. त्या अमेरिकन जनरल इलेक्ट्रिकच्या. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेकडून मिळणारं साहाय्य आटत गेलं आणि १९८२ च्या करारानंतर इंधन फ्रान्सकडून आलं. बांधणारा हाकेला येत नाही, अशा परिस्थितीत त्या भट्ट्या इथल्याच लोकांनी पुढे कित्येक वर्षं चालवल्या. यंत्राबरोबर आलेलं मॅन्युअल एका मर्यादेपर्यंतच उपयोगी पडतं. त्यापुढे उपयोगी पडतं ते यंत्र चालवताना आपल्या माणसांनी लिहून ठेवलेलं.

आता आपल्या भागाबद्दल. बाहेरगावच्या मुलांचा इथे नेहमी गोंधळ होतो. तारापूर एमआयडीसी तारापूर गावात नाही. तारापूर गाव समुद्राकाठी, आणि एमआयडीसी बोईसरजवळ सालवड, पास्थळ, कोळवडे, कुंभवली या गावांच्या जमिनींवर. (आमच्या वर्गातला एकजण पहिल्या दिवशी रिक्षावाल्याला "तारापूर" म्हणाला आणि तिकडे किल्ल्याकडे निघाला होता. वाटेत विचारलं म्हणून बरं.) पालघर ते बोईसर रेल्वेने जेमतेम १२ किलोमीटर, मध्ये एकच स्टेशन, उमरोळी. एप्रिल २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत आल्या तेव्हापासून हॉस्टेलवर राहूनही ट्रेनिंग जमू शकतं. पण पहिली पाळी सातला सुरू होणार असेल तर आदल्या रात्रीच टाइमटेबल बघा. एक गाडी चुकली की पुढची लगेच येत नाही.

औषधं, रंग-रसायनं, कापड, पोलाद, वायर, इंजिनिअरिंग असं सगळं काही या एमआयडीसीत आहे. पण मोठ्या नावांच्या मागे सगळेच लागतात. माझा सल्ला, मध्यम आकाराचा कारखाना शोधा. मोठ्या ठिकाणी तुम्हाला व्हिजिटरचा बिल्ला मिळतो आणि प्रेझेंटेशन दाखवतात. मध्यम ठिकाणी माणसं कमी असतात, त्यामुळे दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी म्हणतंच, "अरे, जरा ते रीडिंग घेऊन ये." तिथून शिकणं सुरू होतं. पत्र देताना "टु हूम सो एव्हर" लिहू नका. विभागाचं नाव, तारखा आणि तुम्हाला काय बघायचं आहे ते दोन ओळींत लिहा. टीपीओ सरांकडून लेटर घ्या, पण स्वतः गेटवर जाऊनही या. मुलींना लॅबमध्ये किंवा ऑफिसात बसवून टाकायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. प्लँटवर काम करायचं असेल तर ते पत्रातच स्पष्ट मागा आणि जनरल शिफ्ट मागा.

पहिल्या आठवड्यात मला स्टोअरमध्ये बिन कार्ड लिहायला बसवलं होतं. मुलं अशा वेळी चिडतात. "आम्हाला कारकुनी करायला लावली" ही तक्रार मी हॉस्टेलवर खूप वेळा ऐकली आहे. स्टोअरमध्ये कारखान्याची सगळी दुखणी कागदावर असतात, एवढंच त्यांच्या लक्षात येत नाही. उदाहरण देतो. बेअरिंगचा नंबर ६२०५. शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणायचं, ०५ गुणिले ५ म्हणजे आतला व्यास २५ मिलिमीटर. (०४ आणि त्यापुढच्या नंबरांना हा हिशोब लागू.) मशीन डिझाइनच्या पेपरात हे आपण पाठ करतो आणि विसरतो. पण बिन कार्डवर ६३०९ नंबरचं बेअरिंग दर दीड महिन्याला निघतंय आणि त्याच्या शेजारचं वर्षभर हललेलंही नाही, हे दिसलं की डोक्यात प्रश्न येतो, कुठल्या पंपाला लागतंय हे? अलाइनमेंट बिघडलं आहे की ग्रीस देत नाहीत? प्रश्न घेऊन प्लँटमध्ये जाणारा ट्रेनी आणि मोकळ्या हाताने जाणारा ट्रेनी यांच्याशी फिटर वेगवेगळं बोलतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता डायरीबद्दल. "आज बॉयलर पाहिला. माहिती मिळाली." ही डायरी नव्हे. माझ्या वहीत रोज तीन गोष्टी असायच्या. एकतर आकडा, वेळेसकट. दुसरं, तो कोणी सांगितला की मी स्वतः वाचला. आणि तिसरं, न समजलेली एक गोष्ट. बस. तिसऱ्या ओळीचं उत्तर दुसऱ्या दिवशी शोधायचं. ही पद्धत मी शोधलेली नाही. शिफ्ट बदलताना ऑपरेटर लॉगबुकात हेच करतात. जाणारा लिहितो आणि येणारा वाचून सही करतो. "दोन नंबर फीड पंप आवाज करतोय, चालवू नका" ही ओळ लिहायची राहिली, तर पुढच्या पाळीचा माणूस तो पंप चालू करतो. इंजिनिअर म्हणून आपल्याला जे खरं कौशल्य लागणार आहे ते हेच. आपण तिथे नसतानाही आपल्या लिहिण्यावर दुसऱ्याने विसंबता आलं पाहिजे. कम्युनिकेशन स्किल्सच्या तासाला आपण ग्रुप डिस्कशन करतो. लॉगबुक कोणी शिकवत नाही.

वहीचा उपयोग कसा होतो ते एका कामावरून सांगतो. हे काम कोणालाही करता येईल, कॉलेजच्या वर्कशॉपमध्येसुद्धा.

आमच्या कारखान्यात हवेचा एक स्क्रू कॉम्प्रेसर होता, मिनिटाला १० घनमीटर हवा देणारा. लाइनचं प्रेशर खाली गेलं की तो लोड होतो, वर गेलं की अनलोड. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मशिनं बंद, म्हणजे हवा कोणीच वापरत नाही. तरीही कॉम्प्रेसर चालू ठेवला तर मधूनमधून लोड होतोच. का? कारण हवा गळते आहे. मेंटेनन्सच्या साहेबांची परवानगी घेऊन मी आणि ऑपरेटरदादा स्टॉपवॉच घेऊन बसलो. दहा फेऱ्या मोजल्या. सरासरी लोड २ मिनिटं, अनलोड ६ मिनिटं. गळती काढायचं सूत्र सोपं आहे. लोडच्या वेळेला एकूण वेळेने भागा आणि कॉम्प्रेसरच्या क्षमतेने गुणा. २ भागिले ८ म्हणजे पाव. दहापैकी अडीच घनमीटर हवा दर मिनिटाला फुकट जात होती.

मग गळती शोधायची. सुट्टीच्या दिवशी कारखाना शांत असतो, फुसफुस कानाला ऐकू येते. जिथे शंका, तिथे साबणाचं पाणी. होजच्या जोडण्या, एअर गनचे ट्रिगर, एक ड्रेन कॉक जो बहुधा कोणीतरी अर्धवट उघडा ठेवून विसरलं होतं. चौदा जागा सापडल्या. नकाशावर खुणा केल्या आणि प्रत्येक जागी टॅग बांधला. पुढच्या आठवड्यात फिटर मंडळींनी त्या काढल्या आणि आम्ही पुन्हा मोजलं. लोड ४८ सेकंद, अनलोड ७ मिनिटं १२ सेकंद. गळती दहा टक्के, म्हणजे एक घनमीटर. दीड घनमीटर वाचली.

पैशात किती? इथे साधा गुणाकार पुरत नाही, आणि माझ्या मते हाच या कामातला शिकण्यासारखा भाग आहे. लोडवर हा कॉम्प्रेसर साधारण ६५ किलोवॅट घेतो. त्या हिशोबाने दीड घनमीटरला जवळजवळ १० किलोवॅट येतात. पण अनलोड झाल्यावर मोटर थांबत नाही, फिरतच राहते आणि २० किलोवॅटच्या आसपास घेते. म्हणजे वाचतो तो फक्त मधला ४५ किलोवॅटचा फरक, आणि त्याचे १५ टक्के म्हणजे पावणेसात किलोवॅट. चोवीस तासांचे १६२ युनिट. युनिटला ८ रुपये आणि महिन्याचे २६ दिवस धरले तर साधारण ३३ हजार रुपये. पहिल्या पद्धतीने हिशोब केला असता तर ५० हजारांच्या घरात गेला असता आणि रिपोर्टही जास्त छान दिसला असता. पण वीजबिल आल्यावर तो आकडा दिसला नसता, आणि पुढच्या ट्रेनीचं कोणी ऐकलं नसतं. मोजलेला आकडा आणि हवासा आकडा यांत फरक करता येणं ही सवय कारखान्यातच लागते. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आपण रीडिंग कशी "आणतो" ते सगळ्यांना ठाऊक आहे. असो.

बॉयलर हाउसमध्ये मला वेगळ्याच प्रकारचे गुरुजी भेटले. बॉयलर अटेंडंटला सरकारी परीक्षा देऊन सक्षमतेचं प्रमाणपत्र मिळवावं लागतं. तेव्हा तिथे जाताना एवढं लक्षात ठेवा की तुमच्याकडे डिग्री येणार आहे, पण बॉयलर चालवायचा परवाना त्यांच्याकडे आहे, तुमच्याकडे नाही. त्या काकांना मी "सर" म्हणायचो तर ते हसायचे, मग काकाच म्हणू लागलो. पाळी सुरू झाली की ते पहिल्यांदा गेज ग्लास ब्लो करून पाण्याची पातळी खरी आहे का बघायचे. काचेत पाणी दिसतंय म्हणजे बॉयलरमध्ये पाणी आहेच असं नाही, काचेची वाट चोंदलेली असू शकते. हे वाक्य माझ्या वहीत दोनदा अधोरेखित आहे. थर्मलच्या पुस्तकातले दोन ठोकताळेही तिथे पडताळून बघता येतात. फीड वॉटर ६ अंशांनी गरम करून दिलं की इंधनात सुमारे १ टक्का बचत आणि चिमणीतून जाणाऱ्या धुराचं तापमान सुमारे २२ अंशांनी उतरवलं की तेवढीच. काकांना टक्के माहीत नव्हते. पण कंडेन्सेट परत येत नसेल त्या दिवशी किती जास्त कोळसा टाकावा लागतो, हे ते ट्रॉलीच्या हिशोबात बिनचूक सांगायचे. दोन्ही माझ्या वहीत शेजारी शेजारी लिहिलेलं आहे.

आपल्याकडे ऑपरेटर मंडळी ठिकठिकाणची असतात. कोणी तलासरीचा, कोणी विक्रमगडचा, कोणी उत्तर प्रदेशातला, कोणी ओडिशातला. मराठी, हिंदी, जी चालेल ती बोला, पण इंग्रजी शब्द फेकू नका. चहा प्यायला त्यांच्यातच बसा.

सुरक्षिततेबद्दल मात्र मी हट्टी आहे. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी याच एमआयडीसीत एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला आणि माणसं गेली. आवाज कित्येक किलोमीटरवर ऐकू गेला. त्यामुळे पहिल्या दिवशी यंत्रं बघण्याच्या आधी असेंब्ली पॉइंट कुठे आहे ते विचारा. वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा कुठे लावला आहे ते बघून ठेवा. वायू गळला तर वाऱ्याबरोबर पळायचं नाही, वाऱ्याला आडवं होऊन बाजूला निघायचं. परमिट आणि कुलूप-टॅग लावल्याशिवाय कोणी मशिनीत हात घालत असेल तर तुम्ही घालू नका. टाकीत किंवा सांडपाण्याच्या चेंबरमध्ये "जरा उतरून बघ" असं कोणी म्हटलं तर सरळ नाही म्हणा. हवेत ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर माणसाने आत उतरायचं नसतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही, मीटरनेच कळतं. ट्रेनीला नाही म्हणायचा अवघडपणा वाटतो, मला कल्पना आहे. पण तो तिथे कर्मचारी नाही, त्याला कोणी काही झालं तर कागदोपत्री त्याचं स्थान काय, हेही धड ठरलेलं नसतं. कॉलेजच्या ऑफिसात विद्यार्थी विम्याबद्दल निघण्याआधी विचारा. आपल्या स्टाफलाही या निमित्ताने विनंती, की लेटरबरोबरच विम्याची प्रत जोडून द्यावी.

केमिकल आणि सिव्हिलच्या मुलांना एक सुचवायचं आहे. सगळे रिअॅक्टरच्या मागे असतात, तुम्ही ईटीपी मागा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांनी देशात पहिलं होतं, आणि हा पहिला नंबर अभिमानाचा नव्हता. इथलं प्रक्रिया केलेलं सांडपाणी नवापूरजवळ समुद्रात सोडलं जातं. त्या किनाऱ्यावर मासेमारी करणाऱ्या मांगेला समाजाच्या परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि लवादाने २०२२ मध्ये नुकसानभरपाईचा आदेश दिला. आपल्या हॉस्टेलवर मुरबे-सातपाटीची मुलं आहेत, त्यांना विचारा घरी याबद्दल काय बोलतात. ईटीपीवर काम करताना आत येणाऱ्या पाण्याचा सीओडी आणि बाहेर जाणाऱ्याचा सीओडी रोज लिहा. सोडण्याची सर्वसाधारण मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. रोजचे आकडे चार आठवडे सलग लिहिले तर कुठल्या वारी, कुठल्या पाळीला तो वर चढतो हे दिसायला लागतं. आणि मग तुम्हाला कळेल की प्रोसेसवाल्याने एक बॅच घाईत धुतली की ईटीपीवाल्याची रात्र कशी जाते. दोन विभागांचं हे नातं फ्लो डायग्रामवर काढलेलं नसतं.

आता ते सर्टिफिकेटवाले मित्र. बाजारात पैसे देऊन प्रमाणपत्र मिळतं हे गुपित राहिलेलं नाही. मी उपदेश करत नाही, फक्त व्हायव्हाला काय होतं ते सांगतो. बाहेरचे परीक्षक बहुतेक कारखान्यांत वावरलेले असतात. ते प्रोसेसबद्दल विचारत नाहीत, कारण ते नेटवरून पाठ करता येतं. ते विचारतात, "गेटवरून तुझ्या विभागाकडे जाताना डाव्या हाताला काय लागायचं?" किंवा "कॉम्प्रेसरचं प्रेशर किती ठेवायचे? सात म्हणतोस? मग मशिनीजवळ किती मिळायचं?" ज्याने चार आठवडे तिथे चपला झिजवल्या तो न अडखळता सांगतो. दुसऱ्याच्या चेहऱ्यावर दिसतं. आणि त्याचा त्रास पुढच्या बॅचला होतो. एकदा कॉलेजचं नाव खराब झालं की गेटवरचा वॉचमनही आपलं लेटर बघून मान हलवतो.

रिपोर्ट फार जाड करू नका. कंपनीचा इतिहास आणि चेअरमनचा फोटो यांत वीस पानं जातात आणि ती कोणी वाचत नाही. माझ्या रिपोर्टमध्ये हवेच्या लाइनचा हाताने काढलेला नकाशा, चौदा खुणा, आधीचा-नंतरचा तक्ता आणि हिशोब होता. एकूण अकरा पानं. त्याची एक प्रत मेंटेनन्सच्या साहेबांना दिली. शेवटच्या दिवशी तो नकाशा कॉम्प्रेसर रूमच्या दारावर चिकटवलेला होता.

पास झाल्यावरचं एक. १९६१ च्या अॅप्रेंटिस कायद्यात १९७३ च्या दुरुस्तीने पदवी आणि डिप्लोमाधारक इंजिनिअर आले. एक वर्षाचं हे प्रशिक्षण बघणारं पश्चिम विभागाचं मंडळ मुंबईतच आहे. २०१९ च्या नियमांनी पदवीधराला महिन्याला किमान ९,००० आणि डिप्लोमाधारकाला ८,००० रुपये विद्यावेतन ठरवलं, आणि त्यातला अर्धा वाटा केंद्र सरकार देतं. कारखान्याला हे माहीत नसेल तर तुम्ही सांगा. बोईसरमधल्या लहान कारखान्यांना हा अर्ध्या खर्चाचा मुद्दा लगेच समजतो. अर्ज करताना मात्र नुसती मार्कशीट नेऊ नका, वही न्या. माझी वही विचारणाऱ्यांना दाखवायला मी तयार आहे, ग्रीसचे डाग आहेत तेवढे सांभाळून घ्या. विंटर व्हेकेशनसाठी पत्रं ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच गेली पाहिजेत, कारण दिवाळीच्या आधी एचआरवाले जागेवर सापडतात, नंतर नाही.